१२७ दातांचे चाक

टायगर मॉथ हे ब्रिटिश प्रशिक्षण विमान १९३१ साली प्रथम उडाले. अशा एका विमानाच्या सांगाड्याचे, केवळ प्रदर्शनात मांडण्यासाठीचे, बोल्ट तयार करण्याचे काम सांगलीतील आमच्या संध्याकाळच्या लेथवर्गाला (लेथ म्हणजे धातू फिरवत ठेवून कापणारे यंत्र) मिळाले, तेव्हा एका सहाध्यायाने विचारले, "बाजारातला दहा मिलिमीटरचा बारीक आट्यांचा नट मूळ बोल्टवर चढतो, मग आटे पाडायचे कशाला?"

नट चढतो, हाच तर घात आहे. तीन-अष्टमांश इंची बीएसएफ (बारीक आट्यांचे जुने ब्रिटिश मानक) बोल्टवर इंचाला २० आटे असतात, म्हणजे पिच, अर्थात लगतच्या दोन आट्यांतले अंतर, १.२७ मिलिमीटर, त्या नटाची पिच मात्र १.२५ मिलिमीटर. शिवाय बीएसएफ आट्याचा कोन ५५ अंश, तर मेट्रिकचा ६०. नट ढिलाच बसतो, भार मोजक्या आट्यांच्या टोकांवर येतो आणि वरून मात्र सारे ठीक दिसते.

आता लेथकडे वळू. चकची, म्हणजे बोल्टची सळई पकडून फिरवणाऱ्या भागाची, एक फेरी झाली की टूल नेमके १.२७ मिलिमीटर सरकले पाहिजे. ते सरकवणाऱ्या आमच्या लीड स्क्रूची, म्हणजे लांब आटेदार दांड्याची, पिच ६ मिलिमीटर आहे. म्हणून चकच्या एका फेरीत लीड स्क्रूने १२७/६०० फेरी फिरले पाहिजे. हे प्रमाण चेंज गिअरच्या, म्हणजे चक आणि लीड स्क्रू यांना जोडणाऱ्या बदलत्या दातेरी चाकांच्या, दातांतून साधायचे असते, आणि १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे लहान चाकांचे दात कसेही गुणले-भागले तरी ती तयार होत नाही. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, अर्थात १२७ भागिले ५; म्हणून अचूक इंची पिच हवी असेल तर १२७ दातांचे चाक (किंवा त्याच्या पटीतले) लागतेच. २० आणि १२७ दातांची चाके फिरवणारी, १०० आणि १२० दातांची फिरणारी, अशी जोडणी केली की हिशेब जुळतो.

गंमत पुढेच आहे. मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटे पाडताना हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) उघडता येत नाही, कारण आटे आणि लीड स्क्रू पुन्हा जुळायला लीड स्क्रूच्या १२७ फेऱ्या, म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतर, लागते. म्हणून प्रत्येक काप झाला की टूल मागे घ्यायचे आणि हाफ नट तसाच लावलेला ठेवून लेथ उलटा फिरवायचा.

१८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडाल्याची कथा आमच्या वर्गातही हटकून निघते. तिला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही, आणि मायक्रोमीटरमध्ये धरायला त्या विमानाचा एक बोल्टही नाही. याउलट, आमचे बोल्ट मोजता येतात म्हणून ते उडण्यायोग्य ठरतात, असेही मुळीच नाही. त्यासाठी प्रमाणित पोलाद, उष्णताप्रक्रिया आणि प्रत्येक टप्प्याची मान्यताप्राप्त नोंद लागते.

शेवटी कबुली द्यायची तर आमच्याकडे १२७ दातांचे चाक नव्हतेच. आम्ही २० आणि ४० दातांची चाके फिरवणारी, ६३ आणि ६० दातांची फिरणारी लावली, आणि पिच आली ८०/६३, म्हणजे १.२६९८ मिलिमीटर. २० मिलिमीटर लांबीत चूक भरते सुमारे ०.००२५ मिलिमीटर, शतांश मिलिमीटर दाखवणाऱ्या आमच्या मायक्रोमीटरला ती दिसतही नाही.