पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी)

शेळ्या-मेंढ्यांना होणारा अतिशय संसर्गजन्य विषाणुजन्य रोग. याचा विषाणू मॉर्बिलिव्हायरस गटातला, म्हणजे गोवर आणि गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूंचा सख्खा भाऊ. रोगाची पहिली नोंद १९४२ साली पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये झाली. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर येथे आढळला. काही वर्षे दक्षिणेतच राहून १९९४ च्या सुमारास तो उत्तरेतही पसरला.

लागण झाल्यावर साधारण चार-सहा दिवसांनी जोराचा ताप येतो. नाका-डोळ्यांतून आधी पाणी, मग घट्ट शेंबूड वाहतो आणि नाकपुड्या चिकटतात. हिरड्यांवर व जिभेवर चट्टे पडून तोंडाला घाण वास येतो. पाठोपाठ हगवण आणि न्यूमोनिया. गाभण मेंढ्या गाभडतात. कोकरांमध्ये मरतुक सर्वाधिक असते. विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविके दिली जातात ती मागाहून शिरणाऱ्या जिवाणूंसाठी. न्यूमोनियाकडे पाहून नुसत्या जिवाणूंचाच आजार समजण्याची चूक सहज होते, आणि तेवढ्यात कळप हातचा जातो.

खोकल्या-शिंकांचे तुषार, शेंबूड, लेंड्या यांतून रोग पसरतो; त्यासाठी जनावरे जवळजवळ असावी लागतात. उन्हात आणि कोरड्या हवेत विषाणू फार टिकत नाही. म्हणून तो गावोगाव पोहोचतो तो मुख्यतः जनावरांच्या पायांनीच. बाजारात न विकलेली मेंढी परत आणून थेट वाघरीत (कळप कोंडायच्या जाळीच्या कुंपणात) सोडणे हा त्यातला सर्वांत धोक्याचा प्रकार. नवे किंवा परत आलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायला हवे. वाड्यासोबत (मेंढ्या-बिऱ्हाडासह फिरणाऱ्या तांड्यासोबत) रोज मुक्काम हलवणाऱ्या धनगराला हे सांगणे सोपे, पाळणे अवघड.

नियंत्रणाचा खरा आधार लस हाच. भारतात सुंगरी-९६ आणि अरसूर-८७ या देशी विषाणूंपासून बनवलेल्या जिवंत लसी वापरल्या जातात. एका टोचणीने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, त्यामुळे कोकराला तीन-चार महिन्यांनंतर टोचतात. लस थंड ठेवावी लागते व द्रावण केल्यावर लवकर संपवावी लागते. माळावरच्या मुक्कामी हीच अडचण. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास वाडे स्थलांतराला निघतात. टोचणी त्याआधी उरकणे श्रेयस्कर, पण वाटेत जन्मलेली कोकरे तरीही सुटतात.

बरे झालेले जनावर जन्मभर सुरक्षित राहते आणि रोगाचे छुपे वाहक बनत नाही; डास-गोचिडांचीही यात भूमिका नाही. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली, ती अशाच गुणधर्मांमुळे. त्या धर्तीवर २०१५ साली आयव्हरी कोस्टमधील आबिजान येथे पीपीआरचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठरले. मात्र २०१७ मध्ये मंगोलियातील रानटी सायगा हरणे त्याने मोठ्या संख्येने मेली आणि २०२४ मध्ये तो रोमानिया व ग्रीसमध्ये आढळला.