जपानी गल्लीतला बंदोबस्त

जपानमध्ये रस्त्यात पडलेलं पाकीट कुणीतरी पोलीस चौकीत नेऊन देतं, आणि स्टेशनबाहेर कुलूप न लावता ठेवलेली सायकल मात्र संध्याकाळपर्यंत पसार होते. त्यामुळे ‘जपानी माणूस मुळातच प्रामाणिक’ एवढ्यावर भागत नाही. तिथल्या शांततेत स्वभावाइतकाच बंदोबस्ताचाही वाटा आहे, आणि हा बंदोबस्त बराच जुना आहे.

टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा पेठांच्या तोंडाशी लाकडी फाटकं असत. रात्री दहाच्या सुमारास ती बंद होत. उशिरा येणाऱ्याला पहारेकऱ्याला सांगूनच आत जावं लागे. साधारण पाच-पाच घरांचे गट पाडलेले होते. एका घराने आगळीक केली की जाब सगळ्यांना.

१८७४ मध्ये टोकियोचं आधुनिक पोलीस दल उभं राहिलं आणि ‘कोबान’ म्हणजे गल्लीतली छोटी चौकी सुरू झाली. १८८८ पासून ही पद्धत देशभर पसरली. तिथे बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत, म्हणून पत्ता विचारायला लोक कोबानमध्येच जातात. चौकीतला पोलीस घरोघरी फिरून कोण राहतं, अडीअडचणीला कुणाला कळवायचं, हेही लिहून घेतो. आपल्याला ही चौकशी नकोशी वाटेल, आणि ते अगदीच चूक नाही. १९४० मध्ये सरकारने शेजाऱ्यांचे सक्तीचे गट केले. त्यातून रेशन वाटलं गेलं आणि एकमेकांवर नजरही ठेवली गेली. युद्धानंतर, १९४७ मध्ये, ते बरखास्त झाले.

एवढं असूनही घडी विस्कटलीच. २००२ मध्ये देशात सुमारे २८.५ लाख गुन्हे नोंदले गेले. युद्धोत्तर काळातला हा उच्चांक, आणि त्यात बहुतेक चोऱ्या. हत्यारांनी कुलूप उघडून घरं साफ करणाऱ्या टोळ्यांमुळे २००३ मध्ये अशी हत्यारं विनाकारण बाळगणंच गुन्हा ठरलं. पाठोपाठ निळे दिवे लावलेल्या गाड्यांतून रहिवासी स्वतः गस्त घालू लागले. गुन्ह्यांसाठी बदनाम असलेल्या टोकियोच्या अदाची वॉर्डाने २००८ पासून रस्ते स्वच्छ ठेवण्यावर, फुलझाडं लावण्यावर आणि सायकलींना कुलूप लावून घेण्यावर भर दिला. २०२१ पर्यंत देशातला आकडा ५.६८ लाखांवर आला, अर्थात त्यात कोविडचाही हात होता.

सायकलचोरी मात्र चिवट. १९९४ पासून सायकलची नोंदणी सक्तीची आहे. दुकानदार थोडी फी घेऊन सांगाड्यावर क्रमांकाचं स्टिकर चिकटवतो. रात्री दिवा न लावता जाणाऱ्याला पोलीस थांबवतात आणि तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे हे वायरलेसवरून पडताळतात. टोकियोतल्या निशी-कासाई या भारतीयांच्या वस्तीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मित्राची सायकल उसनी घेताना हे लक्षात ठेवावं. चोरीला जाणाऱ्या सायकलींत निम्म्याहून जास्त बिनकुलपाच्या असतात, तेव्हा दोष सगळा चोराचा म्हणता येत नाही.

२०२४ मध्ये नोंदलेले गुन्हे पुन्हा ७.३७ लाखांवर गेले. त्याच वर्षी टोकियोच्या आसपास घरांवर दरोडे पडले. सोशल मीडियावरच्या ‘झटपट कमाई’च्या जाहिरातींना भुलून आलेली, एकमेकांनाही न ओळखणारी पोरं त्यात होती. वृद्धांना फसवणारा तर गल्लीत पाऊलही टाकत नाही. ‘आई, मी बोलतोय’ म्हणत फोनवरूनच पैसे उकळतो. म्हणून पोलिसांचा वृद्धांना सल्ला असतो, की घरी असलात तरी फोन आन्सरिंग मशीनवरच ठेवा.