भाताच्या लोंब्यांचे तोरण (ठाणे व नवी मुंबई)

आश्विन महिन्यात नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने आणि झेंडूची फुले एकत्र गुंफून घराच्या दारावर बांधल्या जाणाऱ्या सजावटीला ठाणे परिसरात लोंब्यांचे तोरण म्हणतात. दसरा (आश्विन शुद्ध दशमी) आणि त्यानंतर पाच दिवसांनी येणारी आश्विन पौर्णिमा, म्हणजेच कोजागरी, हे या तोरणाचे दोन मुख्य दिवस होत. कोकणात याच पौर्णिमेला नव्याची किंवा नवान्न पौर्णिमा म्हणतात.

हे तोरण नेमके याच दिवसांत का बांधतात, याचे उत्तर भाताच्या जातींत आहे. कोकणपट्टीतील खरीप भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकार मानले जातात. हळवे भात साधारण 100 ते 120 दिवसांत तयार होते. त्यामुळे जूनमध्ये पेरलेले हळवे दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, तर गरवे त्या वेळी शेतात हिरवेच असते. तोरणासाठी म्हणूनच हळव्या भाताची लोंबी लागते, आणि तीही पूर्ण वाळलेली चालत नाही. खालचे दाणे किंचित पोपटी असताना, देठाला वीतभर पेंढा ठेवून ती कापली, तर दाणे गळत नाहीत. उशिरा कापलेली लोंबी दारावर चढेपर्यंतच निम्मी झडते.

पौर्णिमेला बांधायच्या जुडीला कोकणात ‘नवे’ म्हणतात. भाताच्या लोंबीबरोबर नाचणीचे कणीस, वरीची लोंबी, शेताच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या कुरडूचा पांढरट गुलाबी तुरा आणि झेंडूचे फूल आंब्याच्या पानात गुंडाळून ती केली जाते. ही जुडी केवळ चौकटीवर नव्हे, तर धान्याची कणगी, नांगर, विहीर आणि अलीकडे वाहन यांनाही बांधतात. काही घरांत या लोंबीतले चार दाणे सोलून त्या दिवशीच्या खिरीत घालतात. दसऱ्याच्या तोरणात फुलांना जास्त जागा मिळते. झेंडू मूळचा अमेरिका खंडातला, म्हणजे या मांडणीतला तुलनेने नवा सोबती आहे. तरी आज त्याच्यावाचून दसऱ्याच्या तोरणाची कल्पना कोणी करत नाही.

तोरण घरी बांधणे अवघड नाही, पण त्यातल्या काही गोष्टी हातानेच कळतात. पेंढा कोरडा असेल तर वाकवताना मोडतो, म्हणून लोंब्यांचे देठ आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. तीन-चार लोंब्यांची जुडी करून तिचे देठ दुमडायचे, दुमडलेल्या जागी सुतळीचा फास घालायचा आणि दाण्यांचा भार खाली राहील अशी ती मुख्य दोरीला बांधायची. दोन जुड्यांच्या मध्ये दाभणाने ओवलेली झेंडूची फुले आणि देठाशी दुमडलेली आंब्याची पाने येतात. सुतळीऐवजी केळीच्या सोपटाचा ओला धागा वापरला, तर तो सुकताना आवळत जातो आणि गाठ पक्की बसते. फुले दोन दिवसांत कोमेजतात, पाने करपतात, लोंब्या मात्र सोनेरी होऊन टिकतात. अनेक घरांत तोरण दिवाळीपर्यंत आणि काही घरांत पुढच्या दसऱ्यापर्यंत दारावर राहते. साठवायचे असल्यास त्याला एक-दोन दिवस कडक ऊन द्यावे, नाहीतर दाण्यांत किडे होतात.

ठाणे शहरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशन परिसरात लोंब्यांच्या जुड्या विकायला येतात. शहापूर, मुरबाडकडच्या आदिवासी महिला आपट्याची पाने, लोंब्या आणि कुरडू घेऊन पहाटेच्या लोकलने शहर गाठतात. शहरातल्या दारावरची लोंबी त्यांच्याच श्रमांतून येते, हे विकत घेताना भाव पाडणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे. नवी मुंबईची गोष्ट वेगळी आहे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनींवर हे शहर वसवले. खाडीलगतच्या खारजमिनीत बांध घालून आगरी कुटुंबे जिथे भात पिकवत, तिथे आता इमारती आहेत. गावठाणांतल्या घरांना त्यामुळे लोंब्या बाजारातून आणाव्या लागतात, आणि तरीही त्या आणल्या जातात.

नव्या लोंबीचा मान हिंदू घरांपुरता मर्यादित नाही. मुंबई, ठाणे आणि वसई भागातला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो, आणि त्या दिवशी नव्या भाताच्या जुड्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद दिला जातो. वारली समाजात धान्याची देवता कणसरी पूजली जाते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची वारल्यांची कला जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. ठाण्यातल्या गृहसंकुलांत मुले आता मातीच्या पणत्यांवर आणि कागदी तोरणांवर याच शैलीत कापणीची दृश्ये रंगवतात.

प्लास्टिकची तयार तोरणे स्वस्त पडतात आणि वर्षानुवर्षे चालतात, परंतु त्या वर्षीच्या पिकाशी त्यांचा काही संबंध उरत नाही. खऱ्या तोरणाचा सोपेपणा ते उतरवतानाही दिसतो. पाने आणि फुले ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीतल्या खतात जातात, लोंब्या गॅलरीत टांगल्या तर चिमण्या दाणे टिपतात. बाजारातल्या तोरणांत बऱ्याचदा बारीक तार किंवा नायलॉनचा धागा असतो. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात, म्हणून लोंब्या बाहेर टांगण्यापूर्वी तो काढून त्या सुतळीने पुन्हा बांधाव्यात.