स्तोत्र 118 बायबलच्या मधोमध आहे का?

"स्तोत्र 118 च्या आधी 594 अध्याय, नंतर 594, मधोमधच्या 118:8 या वचनातच जीवनाचा अर्थ आहे," असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो.

अनुक्रमणिका उघडून मोजा. उत्पत्तीपासून ईयोबापर्यंत 478 अध्याय. त्यानंतर स्तोत्रांचे पुस्तक येते आणि त्यातले प्रत्येक स्तोत्र म्हणजे एक अध्याय. 117 स्तोत्रे मिळवली की 118 च्या आधीच 595 होतात. प्रोटेस्टंटांच्या 66 पुस्तकांच्या बायबलात एकूण अध्याय 1189, म्हणजे मधले स्तोत्र 117. कॅथलिक बायबलात पुस्तके 73. तिथे मध्यच सरकतो. शिवाय अध्याय पाडले गेले 13व्या शतकात, वचनांचे आजचे क्रमांक 16व्या शतकात रुळले.

माणसावर भरवसा ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय बरा, हे 118:8, म्हणजे स्तोत्र 118 मधले आठवे वचन, मला फार प्रिय आहे. पण ते उमगायला पूर्ण स्तोत्र वाचावे: संकटातून वाचलेला माणूस तिथे देवाचे उपकार मानतो आहे.