बिनखुणेची काच आणि १८९१ची रेघ

जुन्या कलात्मक काचेच्या फुलदाण्या, वाडगे, पेपरवेट यांतल्या बहुतेक वस्तूंवर कर्त्याचं नाव नसतं. कारखान्यांनी ते लपवलं, अशातला भाग नाही. ओळख होती ती चिकटवलेल्या कागदी लेबलावर, आणि लेबल पहिल्या दुसऱ्या धुण्यातच निघून जाई. नाव कोरायची चाल जोरात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, पण तिथेही नावावर डोळे मिटून विसंबता येत नाही. फ्रान्समधल्या नान्सी इथल्या सर्वांत नामांकित काचकाराचा १९०४ मध्ये मृत्यू झाला, तरी त्याची कार्यशाळा पुढे अनेक वर्षं त्याच्याच नावाने माल काढत होती. १२९१ साली व्हेनिसच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलल्या, तिथून हा इतिहास सांगायची पद्धत आहे. हातातल्या बिनखुणेच्या फुलदाणीचं वय ठरवताना तिचा काडीचा उपयोग होत नाही.

उपयोगी, आणि तितकीच घातक, ठरली ती १८९०च्या अमेरिकी जकात कायद्यातली एक तरतूद. १ मार्च १८९१ पासून परदेशी मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत, वाचता येईल असं हवं, असं तिने ठरवलं. तेव्हापासून विक्रेत्यांच्या तोंडी एक सोपं सूत्र बसलं : देशाचं नाव नाही, म्हणजे वस्तू १८९१ पूर्वीची. लिलावांच्या वर्णनांत हे सूत्र आजही बिनदिक्कत वापरलं जातं, आणि त्याने किंमत चढते हे काही वेगळं सांगायला नको.

कायद्याचे शब्द नीट पाहिले तर सूत्राचा पायाच डळमळतो. सक्ती ‘ज्या वस्तूंवर सहसा खूण केली जाते’ अशांपुरती होती, म्हणजे पळवाट मजकुरातच होती. खूण छापावी, ठोकावी किंवा लेबल लावावं, काहीही चालत होतं. साहजिकच स्वस्तातला कागद बहुतेकांनी पसंत केला. शिवाय कायदा अमेरिकेत उतरणाऱ्या मालाचा. जी फुलदाणी व्हिएन्नात किंवा लंडनमध्येच विकली गेली, तिचा त्याच्याशी संबंधच नव्हता. तेव्हा खूण असली तर ती काही सांगते. नसली तर काहीच सांगत नाही. कायदा देशाचं नाव मागत होता, कारखान्याचं नाही. त्यामुळे बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागातल्या, काचेवर १९१८ पूर्वी ऑस्ट्रियाचं नाव येतं, कारण तेव्हा तो प्रदेश त्या साम्राज्यात होता, नंतर चेकोस्लोव्हाकियाचं. तळाशी चेकोस्लोव्हाकिया असेल तर वस्तू १९१८ ते १९९२ मधली एवढं नक्की. त्यापलीकडे शेजारशेजारच्या डझनभर भट्ट्यांपैकी कोणती, ते खुणेवरून कळत नाही.

कागदापेक्षा काचेतलं रसायन जास्त खरं बोलतं. निओडिमियम हे मूलद्रव्य १८८५ साली वेगळं केलं गेलं, पण विक्रीच्या काचेत ते आलं १९२०च्या दशकाच्या शेवटी. अशी फुलदाणी उन्हात जांभळट दिसते आणि ट्यूबलाइटखाली धरली की निळसर होते. कुणी तिला व्हिक्टोरियन म्हणून खपवत असेल, तर वाद तिथेच मिटतो. युरेनियमचं तसं नाही. अतिनील दिव्याखाली ती काच झगझगीत हिरवी चमकते हे खरं, पण युरेनियम १८३०च्या दशकापासून वापरात आहे. मँगनीज असलेली काचही फिकी हिरवी चमक देते, हे दिवा घेऊन फिरणारे हौशी लोक सोयीस्करपणे विसरतात.

मग तळ पाहायचा. काच घडवताना तळाला चिकटवलेली लोखंडी दांडी तोडल्याची खरबरीत जागा आहे, की ती घासून गुळगुळीत केलेली आहे, की साच्याची शिवण खालपर्यंत उतरली आहे? खरी झीज फक्त टेकणाऱ्या कडेवर असते आणि तिचे ओरखडे सगळ्या दिशांना जातात. एकाच दिशेने ओढलेल्या समांतर रेघा दिसल्या की सँडपेपर आठवावा.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मालाचा आहे. एका रंगावर दुसऱ्या रंगाचा जाड पारदर्शक थर देण्याचं मुरानोचं तंत्र १९३०च्या दशकातलं. १९५०च्या दशकात त्याची लाट आली. त्याच सुमारास उत्तर बोहेमियातल्या ख्रिब्स्का इथेही तशीच ताणलेल्या काठांची, रंगीत, जाड भांडी निघत होती. पुढे लेबलं गेली आणि ती सर्रास ‘मुरानो’ म्हणून विकली गेली. ही सवय आळसाची आहे, असं माझं मत.

याउलट लंडनजवळच्या वील्डस्टोनमधल्या कारखान्याच्या १९६७च्या खडबडीत पोताच्या मालिकेवरही कोरीव खूण नव्हती. साचे झाडाच्या साली, खिळे, विटा वापरून केलेले, त्यामुळे सालीच्या भेगा काचेवर जशाच्या तशा उतरल्या. कारखाना १९८० मध्ये बंद पडला, पण नमुना क्रमांक, उंची आणि रंगांची नावं देणारे कॅटलॉग राहिले. म्हणून ती फुलदाणी आज उंची मोजून, रंग जुळवून ओळखता येते. आणि या मालिकेच्या नकला बाजारात आल्या तेव्हा त्याही कॅटलॉगात नसलेल्या मापांवरून आणि रंगांवरून पकडता आल्या. बोहेमियातल्या दोन महायुद्धांमधल्या मालाला असा आधार फार थोडा मिळतो, त्यामुळे तिथे एकाच घाटाची फुलदाणी दर काही वर्षांनी नव्या कारखान्याच्या नावावर जमा होत राहते.