रिफिलमध्ये शाई आहे, मग पेन चालत का नाही?

नळीत निम्मी शाई दिसत असते आणि पेन कागद नुसता ओरबाडतं. दोष शाईवर ढकलण्याआधी रिफिलचं मागचं तोंड पाहावं. निबमधून जेवढी शाई उतरते, तेवढी हवा मागून आत यावी लागते. नाहीतर शाई जागीच अडते. म्हणून साध्या रिफिलची नळी मागून उघडी ठेवतात. 1950 मध्ये आलेल्या बिक क्रिस्टल या बॉलपेनच्या षटकोनी दांडीवरचं बारीक भोकही हवेसाठीच आहे.

लांब रिफिल कापून बसवताना नेमकं हेच बिघडतं. कात्रीने नळीचं तोंड चेपतं. सरळ कापली तर ते पेनच्या बुडाला टेकून बंद होऊ शकतं. धारदार ब्लेडने तिरकी कापावी. जेल रिफिलमध्ये शाईमागे पारदर्शक चिकट थर असतो, तो शाई मागे वाहू देत नाही; तिथे ब्लेड लावू नये.

पुढचं टोक याहून नाजूक. 0.5 किंवा 0.7 मिलिमीटरची, बहुधा टंगस्टन कार्बाइडची गोळी खोबणीत बसवून कड आत दाबलेली असते. गोळी आणि कड यांच्यात फट उरते ती जेमतेम काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती वाढली की कडेवर शाई साठते आणि अक्षराच्या वळणावर गुठळी पडते. पेन निबवर पडलं की कड एका बाजूने चेपते, गोळी अडकते. याला इलाज नाही, रिफिल बदलायची.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिताना निब वर जाते, शाई गोळीपासून सुटते आणि तिथे हवा शिरते. मग निब काडीपेटीवर शेकायची आपल्याकडे जुनी खोड! त्याने प्लास्टिकची नळी निबच्या सांध्यात सैल होते आणि शाई खिशात उतरते. त्यापेक्षा निब खाली ठेवून रिफिल हाताने जोरात झटकावी. दाट शाई असेल तर निब अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरावी.

खटक्याच्या पेनमध्ये एक मिलिमीटरचा फरकही पुरतो. रिफिल आखूड असेल तर दाब देताच निब आत सरकते. मागे कागदाचा बोळा कोंबला की लांबी जुळते, पण हवेची वाट बुजते. जुन्या रिकाम्या नळीचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा लावावा: लांबी भरून निघते, भोकही मोकळं राहतं.