टोळाचा डोळा आणि कापसाची ट्रॉली

मे २०२० मध्ये मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या बागांवर टोळधाड उतरली, तेव्हा अख्खं गाव डबे आणि थाळ्या बडवत धुऱ्याधुऱ्याने फिरत होतं. भर दुपारी एका फांदीवरचा टोळ हाताने धरायचा मी सात-आठ वेळा प्रयत्न केला. हात त्याच्या समोरून आडवा नेला तर तो ढिम्म बसून राही. तोच हात सरळ त्याच्या दिशेने नेला की वीतभर अंतर राहताच पसार! आडवा हात आणि अंगावर येणारा हात यांतला फरक एवढ्याशा किड्याला कळतो कसा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

मागच्या कापसाच्या हंगामात तो वेगळ्याच कारणाने वर आला. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉलीवर माझा मावसभाऊ रात्री मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. पायात रॉड पडला, जीव वाचला. दवाखान्यात तो एकच सांगत होता, “काई दिसलंच नाई भाऊ, एकदम आंगावरच आली.” गावात बोलणं सुरू झालं की ते वळणच वाईट आहे, आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या बाभळीला लिंबू आणि काळी बाहुली लटकली. लिंबू टांगून अंधारातली ट्रॉली कोणाला दिसू लागत नाही, आणि वळणाच्या माथी दोष मारला की बिनदिव्याची ट्रॉली तशीच धावत राहते. मला तर भावाच्या ‘एकदम’ या शब्दातच खरं कारण दिसतं.

समजा, आपण ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललो आहोत, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. पुढे बंडी आहे. ती बैलांच्या चालीने जाते, म्हणून तिला उभीच धरू. ती २०० मीटरवर असताना पुढच्या एका सेकंदात डोळ्यातली तिची प्रतिमा जेमतेम नऊ टक्के वाढते. एवढी वाढ लक्षातही येत नाही. तीच बंडी ५० मीटरवर आली की एका सेकंदात प्रतिमा दीडपट होते. म्हणजे बंडी एका लयीत जवळ येते, पण डोळ्यात ती बराच वेळ जवळपास तेवढीच राहते आणि शेवटी भसकन फुगते. भाऊ खोटं बोलत नव्हता. त्यात डिपरवर मोटारसायकलचा उजेड जेमतेम ४०-५० मीटर कामाचा. हे अंतर तीन सेकंदांत संपतं, आणि त्यातला सेकंद-दीड सेकंद तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जातो.

आता गंमत बघा. याच फुगण्यातून टक्कर किती सेकंदांवर आहे ते काढता येतं. त्यासाठी अंतर माहीत नको, आपला वेग नको, बंडीची रुंदीही नको. कॅमेऱ्याच्या चित्रात बंडी ४० ठिपके रुंद दिसली, अर्ध्या सेकंदाने ४४. वाढ एक दशांश. अर्ध्या सेकंदाला एक दशांशाने भागलं की उत्तर पाच. वेग हाच राहिला तर पाच सेकंदांत टक्कर! समोर बैलबंडी असो की दहा चाकी ट्रक, भागाकार तोच. डेव्हिड ली या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दाखवलं की माणसाला ब्रेक मारण्यासाठी लागणारी माहिती याच गुणोत्तरात असते. गाड्यांसाठी कॅमेऱ्याची यंत्रणा बनवणाऱ्या मोबिलाय कंपनीच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये एकाच कॅमेऱ्यावरून टक्करीची सूचना देण्याचं गणित मांडलं, तेही प्रतिमेच्या वाढीवरच. पुढे २०१७ मध्ये इंटेलने ती कंपनी विकत घेतली.

याच इंटेलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या नागपुरात ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू केला, तोही एकट्याने नाही. हैदराबादची ट्रिपल आयटी ही तंत्रज्ञान संस्था, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका सोबत होत्या. शहर बसमध्ये धोक्याची सूचना देणारे कॅमेरे बसवले. ते चालकाला सावध करतात, आणि सूचना वारंवार कुठे वाजते याची नोंदही ठेवतात, म्हणजे अपघात होण्याआधीच धोक्याची जागा कळते. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण एरवी राष्ट्रीय महामार्गावर एखादा पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघाताची जागा, ठरायला तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली. अशा कामात कंपन्यांनी एकत्र यायलाच हवं. व्होल्वो या मोटार कंपनीच्या निल्स बोहलिनने १९५९ मध्ये तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट आणला, तेव्हा त्याचं पेटंट कंपनीने सगळ्यांना खुलं केलं होतं.

व्होल्वोवरून पुन्हा टोळावर येतो. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात क्लेअर रिंड यांनी टोळाच्या ज्या चेतापेशीचा अभ्यास केला, त्यात या कंपनीनेही रस घेतला होता. टोळाच्या प्रत्येक डोळ्यामागे अशी एक मोठी पेशी असते. तिचं नाव एलजीएमडी. डोळ्यातल्या हजारो भिंगांपैकी ज्याच्या समोरचा उजेड बदलतो, तिथून दोन संदेश निघतात. एक सरळ या मोठ्या पेशीकडे जातो, ‘काहीतरी हललं’ म्हणून. दुसरा आजूबाजूला पसरतो आणि शेजाऱ्यांना गप्प करतो, पण थोडा उशिरा पोहोचतो. वस्तूची कडा हळू सरकत असेल तर गप्प करणारा संदेश तिला गाठतो आणि सगळं विझतं. वस्तू अंगावर येत असेल तर तिच्या कडा चहूबाजूंनी वाढत्या वेगाने बाहेर पळतात, गप्प करणाऱ्या संदेशाच्याही पुढे जातात. मोठी पेशी धडधडू लागते आणि तिचा इशारा पाय-पंखांच्या स्नायूंपर्यंत जातो. टोळ कॅमेऱ्यासारखा भागाकार करत नाही. कडा आणि गप्प करणारा संदेश यांच्या शर्यतीत कडा जिंकल्या, की तो उडतो.

म्हणजे सगळी मदार कडांवर आहे, टोळाची, कॅमेऱ्याची आणि आपलीही. अंधारात पऱ्हाटी भरलेल्या बंडीला कडाच नसतात, म्हणून यंत्र बसलं की अपघात संपले अशा जाहिरातीवर विसंबू नये. बंडीच्या मागे मधोमध एकच लाल रिफ्लेक्टर ठोकतात, तोही अपुरा. एकटा ठिपका दिसतो, पण तो किती फुगतो हे कळत नाही. दोन टोकांना दोन पट्ट्या असतील तर त्यांच्यातलं अंतर वाढताना दिसतं, आणि हीच वाढ टक्कर किती सेकंदांवर आहे ते सांगते. जुनी सीडी टांगण्यातही अर्थ नाही. ती आरशासारखा उजेड भलतीकडे फेकते, रिफ्लेक्टरची पट्टी मात्र जिकडून आला तिकडेच परत पाठवते.

दिवाळीत शेजारच्या काकांच्या बंडीला दोन्ही टोकांना पट्ट्या चिकटवल्या. रात्री काकांना मोटारसायकलवर मागे बसवून दीडशे पावलं लांब गेलो आणि वरचा लाइट लावला. दोन तांबडे ठिपके, जवळपास एकमेकांना खेटून. गाडी पुढे घेतली तसे ते दूर होत गेले, आधी अगदी हळू, मग भराभर. काका काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ट्रॉलीलेही लावून दे उद्या.”